हाडांची मालकी

माझ्या वडिलांच्या हाडांवर कंपनीची मालकी आहे, हे मला सांगितलं गेलं तेव्हा त्यांची चिता पुरती विझलीही नव्हती. सांगणारा माणूस अतिशय नम्र होता. पांढरा शर्ट, चपला कठड्याबाहेर काढलेल्या, हात जोडलेले. त्याचं नाव कुलथे, मेरुध्रुव मटेरियल्सचा मनुष्यबळ अधिकारी.

"मॅडम, गैरसमज नको. अस्थी तुमच्याच आहेत. अस्थींमध्ये जे काही आहे, तेवढंच कंपनीचं."

"काय आहे अस्थींमध्ये?"

"त्या तपशिलात मी जाऊ शकत नाही."

"गेल्या वर्षी तुम्हीच लेखी कळवलंत ना, की आबांच्या हाडांत काहीही साचलेलं नाही?"

कुलथेचे हात जोडलेलेच होते. "ते वैद्यकीय विभागाचं मत होतं. हा वसुली विभागाचा विषय आहे."

माझा धाकटा भाऊ रणजित शेजारीच उभा होता. तोही त्याच कारखान्यात कामाला आहे. मला वाटलं आता हा कुलथेची गचांडी धरेल. त्यानं मान खाली घातली आणि मला समजलं, की कंपनीला हवी होती ती संमतीची सही मुलगा या नात्यानं त्यानं आधीच करून टाकली होती.

विज्ञान थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कशाचा ते कळणार नाही.

लोहचुंबकाचे दोन तुकडे केले तर उत्तर ध्रुव एका हातात आणि दक्षिण ध्रुव दुसऱ्या हातात, असं कधी होत नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन टोकं येतात. कितीही बारीक तोडा, जोडी सुटत नाही. पण एकटा ध्रुव असायला निसर्गाची हरकत नसावी, असं गणित शंभराहून जास्त वर्षं सांगत होतं. तो अखेर सापडला आमच्या माणदेशात, काळ्या खडकाच्या पोटात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथला लाव्हा थंड होत होता, तेव्हा आकाशातून आलेले हे एकध्रुव त्यातल्या लोहखनिजाच्या कणांत अडकले. लोखंड त्यांना धरून ठेवतं. एकदा लोखंडात शिरलेला एकध्रुव आपणहून बाहेर येत नाही.

त्याचा उपयोग अणूत आहे. अणूतल्या इलेक्ट्रॉननं कसं फिरायचं याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिलीवर उभं राहता येतं, दुसरीवर येतं, दोन्हींच्या मध्ये येत नाही. अणुकेंद्रात एकध्रुव बसवला की हा सगळा जिना अर्ध्या पायरीनं सरकतो आणि इलेक्ट्रॉनला एरवी नसलेल्या जागा मिळतात. ॲल्युमिनियममध्ये हे घडवलं की त्याच्या तारेतून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते, माणदेशच्या भर उन्हातसुद्धा. अर्धं जग आपल्या तारा बदलायला निघालं. त्या तारांचं बियाणं, म्हणजे एकध्रुव, आमच्या करंजओढा गावातल्या कारखान्यातून जाऊ लागलं. उत्तर आणि दक्षिण एकध्रुव भेटले तर दोघंही स्फोट होऊन नाहीसे होतात, म्हणून दक्षिण ध्रुव खाणीतूनच दुसऱ्या राज्यात पाठवत. आमच्या कारखान्यात फक्त उत्तर.

हाडांमध्ये फॉस्फरस असतो. कारखान्यातली धूळ श्वासातून आत गेली की त्याच्याही केंद्रात एकध्रुव बसतो, तिथंही जिना सरकतो. पण तिथं कसला चमत्कार होत नाही. शेजारच्या अणूंशी असलेला बंध सुटतो आणि हाड भुसभुशीत होतं. आमचे आबा एके दिवशी अंगणात शिंकले आणि त्यांची बरगडी मोडली.

हे मी कंपनीला पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की वयोमानानुसार हाडं ठिसूळ होतात. दुसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा ते आबांना एमआरआय काढायला घेऊन गेले. मी मिरजेत तीच यंत्रं दुरुस्त करते, आणि मला विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. एमआरआय म्हणजे एक प्रचंड चुंबक. साधा चुंबकीय अणू त्यात जागच्या जागी वळतो, कारण त्याची दोन टोकं दोन दिशांना सारखीच ओढली जातात. एकट्या ध्रुवाला मात्र एकाच दिशेला खेचलं जातं, आणि तो आपल्या अणूसकट हाडातून फाडत निघतो. आबा आत ओरडत होते की माझ्या पायातून कोणीतरी तार ओढतंय. बाहेर अहवालात लिहिलं गेलं की रुग्णास बंद जागेची भीती वाटते. ज्या माणसानं उमेदीचं आयुष्य कारखान्याच्या जमिनीखालच्या बोगद्यात काढलं, त्याला म्हणे बंद जागेची भीती! तो कागद वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती अजून उतरलेली नाही.

त्यानंतर आबा धड उठलेच नाहीत. खुबा मोडला, मग न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

स्मशानातून परतताना मी रणजितला रस्त्यातच गाठलं.

"तू सही केलीस?"

"न करून काय करू?" तो म्हणाला. "आबांनीबी कामाला लागताना केलीच हुती. समदेच करत्यात."

"आबांना काय ठाऊक होतं? तुला तर सगळं ठाऊक होतं!"

"ताई, तू मिरजंला ऱ्हातीस. तुला बोलायला काय जातंय? उद्या मला फाटकातनं आत घेतलं न्हाई, तर मी काय कातळावर नांगर धरू?"

"तुझ्या हाडांचं काय, रणजित?"

"माझी हाडं ठीक हायती." तो तरातरा पुढं निघून गेला. चालताना तो एक हात कमरेवर दाबून धरत होता. हे मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यालाही कळलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही सकाळीच गेलो. आमच्याकडची पद्धत अशी, की घरच्या माणसांनी राखेतून हाडं वेचायची, त्यांवर दूध-पाणी घालायचं आणि मग ती मडक्यात भरायची. आईनं दुधाचा तांब्या पदराखाली धरला होता. स्मशानात पोचलो तर चौथरा झाडून लख्ख. चितेच्या लोखंडी सांगाड्याखाली एक तांब्याचं तसराळं बसवलेलं असतं, तेही रिकामं. कंपनीचा एक माणूस वाट बघत उभा होता. त्यानं लाल फडक्यानं तोंड बांधलेला नवाकोरा कलश आईच्या हातात ठेवला, नमस्कार केला आणि गाडीत बसून निघून गेला.

आईनं फडकं सोडलं. परातीत कलश पालथा केला आणि राखेतून बोटं फिरवली.

"ह्यात एक बी हाड न्हाय," ती म्हणाली. "दात न्हाय. मणका न्हाय. पिठावानी चाळून दिलीया."

तिनं परात बाजूला सारली.

"आता मी दूध कशावर घालू?" तिनं रणजितकडं बघून विचारलं. ती आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. "सांग की. सही करताना इचारलं व्हतंस का, आईनं दूध कशावर घालायचं त्ये?"

 आई सांगाड्याजवळ गेली. "हितंच जळालं न्हवं का त्ये," असं म्हणून तिनं तांब्या त्या उघड्या गजांवर ओतला. दूध गजांवरून ओघळलं, तसराळ्यात ठिबकलं. मी ते ठिबकणं बघत उभी होते, आणि बघता बघता दुधाऐवजी गज दिसायला लागले.

लोखंडाचे गज.

कारखान्याच्या फाटकातून लोखंडाचा खिळादेखील आत जाऊ देत नाहीत. एकध्रुव त्याला चिकटले की गेले, म्हणून. आबांच्या पट्ट्याला पितळी बक्कल होतं, डब्याला पितळी कडी होती. एकदा चपलेत खिळा सापडला म्हणून त्यांना दिवसभर फाटकाबाहेर बसवून ठेवलं होतं. कारखान्याचा अख्खा पसारा तांबं, पितळ, लाकूड आणि काचेचा. आणि हीच कंपनी स्मशानात लोखंडाचा सांगाडा बसवून बसली होती! राख गोळा करायला खाली तांब्याचं तसराळं ठेवण्याइतकं डोकं वसुली विभागानं चालवलं होतं. सांगाडा मात्र समाजकार्य विभागानं दिला होता, आणि एका विभागाला दुसऱ्याशी बोलायची पद्धत तिथं नव्हती.

तापून लाल झालेल्या लोखंडाचं चुंबकत्व जातं. ते गार होऊ लागलं की परत येतं. चिता विझत असते, हाडं गजांवर तशीच पडलेली असतात, आणि नेमक्या त्याच वेळी लोखंड जागं होतं. जे एकध्रुव त्याला टेकलेले असतील ते अणूसकट ओढून घेतं. सगळे नाही, थोडे. पण आबांच्या आधी त्याच गजांवर किती माणसं जळाली होती! भीमराव लोहार, वत्सलाकाकूंचा थोरला, बोगद्यातले ते दोघे चुलतभाऊ.

"रणजित," मी म्हटलं, "यातला एक गज सुटा करता येईल का रे?"

त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा परातीकडं पाहिलं. मग मोटरसायकलला किक मारून गेला आणि पाना घेऊन आला.

एकध्रुव पकडायची युक्ती जुनी आहे. अतिवाहक, म्हणजे विजेला जराही अडथळा न करणाऱ्या, तारेचं एक कडं घ्यायचं. त्यातून एकटा ध्रुव आरपार गेला की कड्यात वीजप्रवाह सुरू होतो, आणि अडथळाच नसल्यामुळं तो कधी थांबत नाही. प्रत्येक एकध्रुवामागं ठरलेली एकच उडी, ना कमी ना जास्त. निसर्गानंच ठरवून दिलेलं माप ते, त्यात कुणाला फेरफार करता येत नाही. मिरजेत आमच्या कार्यशाळेत जुन्या यंत्रातून काढलेली तार होती, ती गार ठेवायला हेलियमची टाकी होती. मी साहेबांची परवानगी मागितली नाही. कळशीचं तोंड मावेल एवढं कडं वळवलं, बाहेरून थंड टाकीत बसवलं, मधलं भोक उघडं ठेवलं. दहाव्याच्या सकाळी मी सगळं टेम्पोत घालून करंजओढ्याला आणलं.

आमच्याकडं दहाव्याला अख्खा गाव येतो. कावळा पटकन शिवला. बाया म्हणाल्या, "आबांची कशात वासना न्हवती." आई म्हणाली, "त्यांची न्हवती. माझी हाय."

मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. हल्ली त्यालाही मांडव लागतो, माईक लागतो, मागं मोठा पडदा लागतो आणि पडद्यावर मयताचा हसरा फोटो. मांडव कंपनीनंच घातला होता. कुलथे माईकवर आला आणि कंठ दाटल्यासारखं बोलू लागला. शिवदास ठोंबरे म्हणजे मेरुध्रुव परिवाराचा कणा. त्यांचे संस्कार. त्यांची निष्ठा. आबांचा कणा शेवटी तीन ठिकाणी मोडला होता, आणि हा माणूस परिवाराच्या कण्याबद्दल बोलत होता. मी त्याचं भाषण संपू दिलं, कारण आबांच्या दहाव्याला मला आरडाओरडा करायचा नव्हता. मग उठून पडद्याची वायर माझ्या यंत्राला जोडली. आबांचा फोटो गेला आणि तिथं एक आडवी हिरवी रेघ आली.

"मी दोनच शब्द बोलणार आहे," मी म्हटलं. "आधी हे बघा."

मांडववाल्याच्या फुटक्या कर्ण्यातलं लोहचुंबक मी मागून घेतलं होतं. ते दोरीला बांधून कड्यातून आरपार सोडलं. रेघ वर उसळली, खाली गेली आणि पुन्हा होती तिथंच आली. "साध्या चुंबकाला दोन टोकं असतात. एक रेघ चढवतं, दुसरं उतरवतं. जमाखर्च शून्य." मग रणजितनं लोहाराकडून आणलेला नवा गज घातला. रेघ हलली, थरथरली आणि परत शून्यावर.

"आता हा दुसरा गज. हा स्मशानातला आहे."

मांडवात चुळबुळ झाली. कुलथे उठून उभा राहिला. मी गज कड्यात सरकवू लागले. रेघ सपाट होती. मग ती एक पायरी चढली. मग आणखी एक. गज पुढं सरकत होता आणि पडद्यावर जिना तयार होत होता. गज पलीकडून पूर्ण बाहेर पडला, मी तो खाली जमिनीवर ठेवला, हात झटकले. रेघ वरच होती.

"ही आता खाली येणार नाही," मी म्हटलं. "प्रत्येक पायरी म्हणजे आपल्या कुणाच्या तरी हाडातला एक एकध्रुव. जिवंतपणी कंपनी म्हणते हाडांत काही नाही. मेल्यावर म्हणते हाडांत आहे ते आमचं. त्यांनी राख चाळून हाडं नेली. लोखंड न्यायचं राहिलं."

"थांबा!" कुलथेची नम्रता पहिल्यांदाच सुटली. "तो सांगाडा कंपनीची मालमत्ता आहे. तुम्ही चोरी केली आहे. तो गज ताबडतोब परत द्या."

"रणजित, पाटी वाच."

सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर पिवळ्या रंगात ठळक अक्षरं होती. ती पट्टीही रणजितनं सोडवून आणली होती. त्यानं ती उचलून धरली आणि शाळेत प्रार्थना म्हणावी तशा आवाजात वाचली. "ग्रामपंचायत करंजओढा यांस सप्रेम अर्पण. मेरुध्रुव मटेरियल्स यांच्या सौजन्याने."

कोणीतरी मागं मोठ्यानं हसलं. दहाव्याला हसतात का, असं कोणी त्याला म्हटलं नाही.

कुलथेनं रुमालानं मान पुसली. तो हुशार माणूस होता, सावरला. माईक हातात घेऊन शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. मॅडमनी कष्ट घेतले, त्यांचं दुःख मी समजू शकतो. पण मित्रहो, चितेच्या उष्णतेत काय काय होतं, हे आपण सांगू शकत नाही. धूर कारखान्याच्या बाजूनंही येतो. या गजावरून जिवंत माणसाच्या शरीरात काही असतं, असं सिद्ध होत नाही. आमचा वैद्यकीय विभाग आजही ठाम आहे, की—"

तो बोलत होता आणि रणजित सदऱ्याची बाही दुमडत होता. मला ते उशिरा दिसलं.

"ताई, हे परत शून्यावर आणता येतंय का?"

"येतं. कडं गरम करून पुन्हा गार करावं लागतं. पण तू—"

"आण."

मी आणलं.  हेलियम सोडलं, वाफेचा पांढरा लोट मांडवात पसरला, रेघ खाली येऊन सपाट झाली, मग कडं पुन्हा गार केलं. मी त्याला नको म्हणायला हवं होतं, आणि मला माहीत होतं की तो ऐकणार नाही. रणजितनं कोपरापर्यंत उघडा हात कड्यात घातला.

गजाच्या वेळी मी मनातल्या मनात रेघेला चढ, चढ म्हणत होते. आता म्हणत होते, चढू नकोस. एकदाच खोटी पड. माझं सगळं चुकलं असं ठरू दे, कुलथे खरा ठरू दे, मी त्याच्या पाया पडेन. रणजितची बोटं पलीकडं दिसली. रेघ एक पायरी चढली. मनगट गेलं. आणखी एक. मग कोपरापर्यंत ती चढतच राहिली.



"हात काढ," मी म्हटलं.  "रणजित, बास झालं. काढ हात."

"काढला तर रेघ खाली यील का?"

"येईल. जे आत गेलंय तेच उलटं बाहेर येईल, पायऱ्या उतरतील."

"मग न्हाई काढत."

त्याच्या कपाळावर घाम होता. वाकून उभं राहिल्यानं कमरेत कळा येत असणार, पण तो हलला नाही. त्यानं मान वळवून कुलथेकडं पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस कुलथेला साहेब म्हणत खाली मान घालून उभा राहत होता. आताही तो साहेबच म्हणाला.

"साहेब, ह्यो विषय कोणत्या विभागाचा? वैद्यकीय का वसुली?"

कुलथेनं खिशातून फोन काढला, त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवला. त्याच्या मागं रांगेत बसलेली माणसं, दुसऱ्या पाळीला जायचं म्हणून कारखान्याच्या निळ्या सदऱ्यात आलेली, एकेक करून उठली आणि बाह्या दुमडू लागली.

आई बायकांमधून उठली. तिनं पाहुण्यांसाठी मांडलेली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, कुलथेच्या अंगावरून आणली आणि रणजितच्या मागं ठेवली.

"बस," ती त्याला म्हणाली. "हात तेवढा काढू नगंस."